मेघालीचा नंबर

त्र्यंबक बर्वे यांनी उभी नोकरी फोनवर लोकांचा राग ऐकण्यात घालवली. एका नगरपालिकेच्या पाणीखात्यात ते तक्रारी घ्यायला बसत. नळाला पाणी नाही, आलं तर गढूळ आलं, वरच्या मजल्यावर चढतच नाही. समोरचा कितीही तडकला तरी बर्वेकाकांचा आवाज चढत नसे. "हो, घेतलं लिहून. घरात पिण्यापुरतं तरी आहे ना?" एवढं ते हमखास विचारायचे, आणि तडकलेला माणूस तेवढ्यानं निवळायचा.

निवृत्त झाले आणि पाठोपाठ त्यांच्या पत्नी, सुमतीकाकू, गेल्या. मुलगा मुकुल हैदराबादला कायमचा राहिला. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत काका, टीव्ही आणि रविवारी येणारा मुकुलचा फोन. तोही कधी यायचा, कधी राहायचा.

त्यांना घराबाहेर काढलं ते देवयानीनं. देवयानी त्यांच्या जुन्या शेजाऱ्यांची मुलगी. ठाण्यात माजिवड्याजवळच्या एका कम्युनिटी कॉलेजात ती विद्यार्थी साहाय्य कक्ष सांभाळायची. तिथे वर्षभराचे कोर्स चालत: रुग्णसेवा, वायरिंग, शिवण, कॉम्प्युटर. येणारे म्हणजे शाळा अर्धवट सुटलेली मुलं, लग्नानंतर पुन्हा शिकायला निघालेल्या बायका, कारखाना बंद पडल्यानं घरी बसलेले पुरुष. उत्साहानं नाव घालायचे आणि मधेच कधीतरी यायचे बंद व्हायचे.

"काका, तुम्ही फक्त फोन करायचा," देवयानी म्हणाली. "का येत नाही ते विचारायचं. कारण कळलं की मी बघते पुढचं. रागवायचं मात्र नाही हां."

"मी कधी रागावलोय गं कुणावर?"

काका शीळफाट्यावरून जाणाऱ्या बसनं ठाण्याला जाऊ-येऊ लागले. काम त्यांना असं लागू पडलं की देवयानीही चकित झाली. संचिता नावाच्या एका सुनेला सासू पाठवत नव्हती. काका त्या सासूशी आठवडाभर फोनवर लिंबाच्या लोणच्याबद्दलच बोलत राहिले. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "पाठवते हो तिला सोमवारपासून." वायरिंगच्या वर्गातल्या परशुरामला नीट दिसत नव्हतं आणि ते सांगायची लाज वाटत होती. देवयानीनं त्याला चष्मा मिळवून दिला. सुमतीकाकू गेल्यानंतर काका पहिल्यांदा रात्री शांत झोपू लागले.

मेघालीचं नाव त्यांच्याकडे आलं ते भाद्रपदात, गैरहजर मुलांच्या यादीत.

पोरगी खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. कॉलेजच्या मुली तिथे देवळाच्या मंडपात रक्तदाब तपासायला गेल्या होत्या, तेव्हा ही आपल्या आईला घेऊन आली. आईचा दंड धरून बसली आणि यंत्राकडेच बघत राहिली. शेवटी म्हणाली, "मॅडम, हे मला शिकवाल?" त्याच आठवड्यात तिनं रुग्णसेवेच्या वर्गात नाव घातलं. तिच्या शिक्षिका जागृती मॅडम सांगायच्या की वर्गात सगळ्यात मोठ्यानं हसणारी तीच. गणपतीला सुट्टी लागली आणि त्यानंतर ती आलीच नाही.

तिनं दिलेल्या नंबरवर काकांनी फोन लावला, तर एका बाईनं उचलला.

"मी आय बोलते. मेघाली घरात नाय. मावशीकडं गेलीय."

"परत कधी येणार?"

"येल."

पुढच्या मंगळवारी पुन्हा फोन. मंगळवारी मासळीला गिऱ्हाईक कमी, त्यामुळे बाई दुपारी घरी असायची. तिचं नाव मालू. नवरा दामाजी खूप वर्षांपूर्वी वारलेला, मोठा मुलगा हितेश गोदामात कामाला. हे सगळं तिनंच आपणहून सांगितलं. मेघालीचं विचारलं की मात्र उत्तर आखूड: बरं नाय तिला, झोपलीय, आताच भायेर गेली. पण फोन ती ठेवायची नाही. म्हणायची, "आज काय शिकवला वर्गात?"

काका जागृती मॅडमना विचारून ठेवू लागले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं ते आज शिकवलं, काका सांगायचे.

"तिला जमला असता," मालू म्हणाली.

"जमेलच की. येऊ दे फक्त तिला."

असे काही मंगळवार गेले. आणि मग काकांच्या मनात संशय शिरला. असे प्रकार त्यांनी पाहिले होते. मुलगी मावशीकडे जाते, आजारी पडते, झोपते, आणि एक दिवस हळदीचे हात घेऊन फोटोत दिसते. त्या दिवशी त्यांनी देवयानीला दिलेला शब्द मोडला.

"बाई, स्पष्ट विचारतो. लग्न ठरवलंय का तुम्ही मेघालीचं?"

उत्तराची वाट न बघता ते बोलतच राहिले.

"एकोणीस वर्षांची पोर आहे. शिकायची हौस आहे तिला. तुम्ही आई ना तिच्या? मग आईनंच असं वाटेत आडवं उभं राहायचं? उद्या ती तुम्हाला विचारेल, माझं का असं केलंत, तेव्हा काय सांगणार आहात?"

मग मालू म्हणाली, "लगीन नाय वो काका. लगीन नाय." आणि फोन ठेवताना, "फुडच्या मंगलवारी करा फोन."

काकांना तो मंगळवार उजाडेपर्यंत दम धरवेना. दोन दिवसांनी, देवयानीला न सांगता, ते रिक्षा करून कोळीवाड्यात गेले. आपण समोर बसून नीट समजावलं तर बाई ऐकेल, असं त्यांना वाटत होतं. वाटेत त्यांनी वाक्यंही जुळवून ठेवली होती.

गल्लीत विचारत विचारत गेले. दार उघडंच होतं. आत एक तरणा मुलगा चपला घालून कामाला निघण्याच्या तयारीत होता. "कोण पाहिजे?" त्यानं विचारलं.

त्याच्या खांद्यावरून काकांना समोरची भिंत दिसत होती. भिंतीवर दोन फोटो. एक जुना, मिशीवाल्या माणसाचा. दुसरा नवा. कॉलेजच्या निळ्या गणवेशातली मुलगी हसत होती, आणि दोन्ही फोटोंना चंदनाचे हार होते.

"तुम्ही कॉलेजचे काका काय?" हितेशचा चेहरा उतरला. "आयनं सांगितलं नाय तुम्हाला?"

डेंग्यू झाला होता. गणपतीतच. ताप आला, उतरला, घरात सगळ्यांना वाटलं बरी झाली. मग एकदम खालावली. हॉस्पिटलात नेईपर्यंत शुद्धीवर होती. "मी ड्युटीवर गेलेलो. आलो तर संपलं होतं सगळं," हितेश म्हणाला. "तिच्या मोबाईलवर तुमचा फोन आला, तेव्हा दहावा पण झाला नव्हता. मी आयला बोललो, सांगून टाक. ती बोलली, सांगते."

मालू आतून बाहेर आली. काका अजून तसेच उभे होते. तिनं खुर्ची पुढे केली, पाणी आणलं. तिच्या चेहऱ्यावर ना ओशाळेपण होतं ना राग.

"मी तुम्हाला काय काय बोललो," काकांच्या तोंडून कसंबसं निघालं. "बाई, मी..."

"तुमाला काय ठाव." मालू त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "काका, वाड्यात सगल्यांना म्हायती. कोण तिचा नाव पन काढत नाय माज्यासमोर. नाव निघाला तर गप होतात. तुमी एकलेच ईचारायचे, मेघाली हाय का. तवा मना वाटायचा, हाय. भायेर गेलीय."

काकांनी चष्मा काढला आणि तो पुसत राहिले. हितेश कामाला उशीर होत असूनही दारातून हलला नाही.

देवयानीला त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती ऐकून रडली, आणि मग जे करायला हवं होतं ते केलं. मेघालीचं नाव पटावरून काढलं गेलं. त्या दिवशी जागृती मॅडमनी वर्ग लवकर सोडला.

फोन मात्र काकांनी बंद केला नाही. मंगळवार आला की दुपारी ते मेघालीचा नंबर लावायचे आणि मालू उचलायची. आता खोटं बोलायचं कारण उरलं नव्हतं. ती मुलीबद्दल बोलायची. तिला बोंबील आवडायचे पण साफ करायला नको. सुई टोचायला शिकताना आधी स्वतःच डोळे मिटायची. भावाशी भांडली की तीन दिवस अबोला. काका ऐकायचे आणि मधून म्हणायचे, "असं? मग?" एकदा त्यांनी सुमतीकाकूंचं सांगितलं. शेवटच्या आजारात ती मला सारखी जेवलात का विचारायची, म्हणाले. हे त्यांनी मुकुललाही कधी सांगितलं नव्हतं.

थंडी सुरू झाली त्या सुमाराला एका मंगळवारी फोन लागेना. बंद आहे, असं रेकॉर्ड केलेला आवाज सांगत राहिला. पुढच्या आठवड्यातही तेच. काका घाबरले आणि सकाळीच मासळीबाजारात गेले. ओल्या फरशीवरून धोतर सावरत, विचारत विचारत तिच्या टोपलीपाशी पोचले. मालू कोलंबी निवडत होती. त्यांना बघून तिनं शेजारणीचा पाट ओढला आणि पदरानं पुसला.

"बसा."

"फोन लागत नाही. मला वाटलं, बरं नाही की काय."

"हितेशनं बंद केला. मीच बोलली, कर." कोलंबीवरचे तिचे हात थांबले. "रागवू नका काका. तुमचा फोन येवाचा, तर मी सोमवारपासना ईचार करायची, उद्या काय सांगू. सांगायचा होता ते सगला सांगून जाला. एकोणीस वरसाची पोर, किती सांगनार? मंग मी रचाया लागली. ती असा बोलली होती, तसा बोलली होती. ती तसा कदी बोललीच नव्हती."

मालूनं निवडलेली कोलंबी बाजूला सारली.

"ते दिवशी मी तुमाला बोलली ना, मेघाली मना म्हनाली, आये, मी नर्स होईन ना तुला बसून खायाला घालीन. नाय बोलली ती असा. तिला लाज वाटायची असा बोलाया. फोन ठेवला ना मना भ्याव वाटला. माजी पोर माज्याच तोंडानं दुसरी कोन तरी व्हाया लागली. जी होती तेवरी तरी ऱ्हाऊ दे."

एक बाई येऊन कोलंबीचा भाव विचारू लागली. मालूनं भाव सांगितला, घासाघीस केली, वाटा पिशवीत टाकला. काका तोवर खाली मान घालून बसून होते.

"बरं," ते म्हणाले. "नाही करणार."

"सांभालून जा. फरशी निसरटी हाय."

कॉलेजचं काम त्यांनी चालू ठेवायचा प्रयत्न केला. पण पलीकडे घंटी वाजू लागली की, कुणी उचलायच्या आत, कितीदा तेच फोन कापायचे. कुणी "घरात नाही" म्हटलं की ते "बरं" म्हणून फोन ठेवून द्यायचे. पुढे विचारणं त्यांना जमेना. देवयानीच्या ते लक्षात आलं होतं. होळीच्या आधी काकांनीच येणं बंद केलं. मेघालीच्या वर्गाचा निकाल लागला तेव्हा देवयानीनं पेढे घेऊन घरी येते म्हणून कळवलं. काकांनी नको म्हटलं.

"बाबा, कॉलेज का सोडलंत? चांगला वेळ जात होता की तुमचा," मुकुलनं रविवारी विचारलं.

"गुडघे रे," काका म्हणाले. "बसची पायरी चढवत नाही."