हरवली आहे: एक लाल पिशवी

कानो शहरात चामड्याच्या पिशव्या शिवणारे शंभर तरी असतील, पण पिशवीसाठी गिऱ्हाइकाला चालायला लावणारा एकटा बालारबे. पिशवी शिवून घ्यायला कुणी आलं की तो त्याला आधी गल्लीच्या टोकापर्यंत पाठवायचा आणि डोळे बारीक करून पाहत बसायचा. कुठला खांदा पडतो, कोपर किती झुलतं, पाय कसा टाकतो. "डावीकडे कलतोस तू. पट्टा दोन बोटं आखूड लागेल," असं म्हणेपर्यंत गिऱ्हाईक घामाघूम झालेलं असायचं. एका जाडजूड कापडवाल्याला त्यानं पाच फेऱ्या मारायला लावल्या होत्या. कापडवाला पिशवी शिवायला न टाकताच घरी गेला, पण त्या रात्री त्याला कधी नव्हे ती गाढ झोप लागली म्हणे.

कातडं लाल शेळीचं, बाभळीच्या शेंगांत कमावलेलं, वर लाल ज्वारीच्या ताटांचा रंग. यात तडजोड नाही. शेळी पुरवायचा त्याचा आतेभाऊ तानिमू. तानिमू खाटीक. "शेळीचं आतलं मी विकतो, बाहेरचं तू. मधल्यामधे शेळीचंच नुकसान," असं तो म्हणायचा. आते-मामे भावंडांनी एकमेकांना वाटेल ते बोलावं आणि समोरच्यानं रागावू नये, ही तिथली रीत. तानिमू ती रीत पाचही नमाजांपेक्षा नेमानं पाळायचा. दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "हा माझा गुलाम. शिवणकाम बरं करतो, म्हणून विकला नाही अजून."

दुसरी एक रीत बालारबे पाळायचा. पहिल्या लेकराचं नाव आईबापांनी घ्यायचं नाही. त्याला जवळ घ्यायचं नाही, चारचौघांत त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. तसं करणं म्हणजे निर्लज्जपणा. त्यात बालारबेच्या थोरल्याला आजोबांचं नाव ठेवलेलं, आणि स्वतःच्या बापाचंही नाव घ्यायचं नसतं, म्हणजे जिभेला दोन कुलपं. बाकीच्या चार पोरांना तो दिवसभर हाका मारायचा, शिव्याही द्यायचा. थोरल्याला मात्र वीस वर्षांत एक हाक नाही. जेवायला बोलवायचं तर भिंतीकडे बघून म्हणायचा, "कुणाला भूक असेल तर बाजरी-दुधाचा फुरा झाकून ठेवलाय."

थोरला सहारा ओलांडून लिबियात कामाला जाणार, हे बालारबेला कळलं तेही तानिमूकडून.

"झुबैरू निघालाय म्हणे शुक्रवारी," तानिमू मोठ्यानं म्हणाला. नाव घेताना तो मुद्दाम आवाज चढवायचा, बालारबेचे कान लाल झालेले बघायला. "अडव की त्याला. बाप आहेस ना?"

"मी कसा अडवू? मी त्याच्याशी बोलत नाही."

"मग पिशवी तरी शिव."

पिशवी शिवायची तर माप हवं, आणि थोरल्याला चालून दाखव म्हणणार कोण? तीन दिवस बालारबे दाराच्या फटीला डोळा लावून बसला. पोरगं विहिरीवर गेलं, मशिदीत गेलं, तेवढ्या फेऱ्यांवर त्यानं माप घेतलं. पिशवी अशी झाली की गल्लीतले बाकीचे कारागीर ती बघायला आले. बोटाच्या एका पेरात अकरा टाके. आतून हिरवं अस्तर, त्यात चोरखिसा. पट्टा तिपेडी. ती तानिमूनं थोरल्याच्या हातात दिली. "कुणीतरी दुकानात विसरलंय, तू घे," असं सांगायचं ठरलं होतं, पण तानिमूच्या पोटात काही राहत नाही. "तुझ्या बापानं शिवलीय," तो म्हणाला, "दारामागं उभं राहून."

वाळवंटाच्या तोंडाशी असलेल्या अगादेझहून थोरल्याचा एकदा फोन आला. आई तालातूनं घेतला. तीही त्याचं नाव घेत नाही, म्हणून दोघं हवापाण्याबद्दल बोलली. त्यानंतर अकरा महिने काही नाही.

शेवटी बालारबे नवी टोपी घालून रेडिओवर गेला. हरवलेल्या माणसांचा कार्यक्रम तिथून रोज संध्याकाळी लागतो, आणि वाळवंटापलीकडेही लोक तो ऐकतात.

"नाव?" कारकुनानं विचारलं.

"बालारबे."

"तुमचं नाही बाबा, हरवलेल्याचं."

बालारबेनं घसा साफ केला. टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाला, "त्याच्याकडे पिशवी आहे." आणि पिशवीचं वर्णन सुरू केलं. कातडं, रंग, टाके, अस्तर, पट्ट्याचे पेड. आयुष्यात कशाबद्दल इतकं सविस्तर तो बोलला नसेल. कारकुनानं पानभर लिहून घेतलं.

संध्याकाळी बातमी लागली, ती कानो शहरातली एक लाल चामडी पिशवी हरवल्याची. सापडल्यास बालारबेच्या दुकानी आणून द्यावी.

लोक भले. आठवडाभरात नऊ पिशव्या आल्या. चार बालारबेनंच शिवलेल्या होत्या. एक म्हातारा तर आपली स्वतःची घेऊन आला, रेडिओवर सांगतायत म्हणजे परत मागवली असेल म्हणून. बालारबेनं प्रत्येक पिशवी हातात घेऊन टाके मोजले.

"पोरगा हरवला आणि पिशवीची दवंडी पिटली," तानिमू म्हणाला. "असा बाप मी बघितला नव्हता. चल, मी येतो. नाव मी सांगतो. मला कसली लाज?"

पण रेडिओवरचा कारकून ऐकेना. "नाव लिहून घेतो, पण आवाज बापाचा पाहिजे. काही पोरं लाजेनं परत येत नाहीत. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून लपून राहतात. बापाचा आवाज ऐकला की हलतात."

"माझा आवाज तो ओळखायचा नाही," बालारबे म्हणाला. "त्याचं नाव माझ्या तोंडून त्यानं कधी ऐकलेलंच नाही."

"म्हणून तर घे," तानिमू म्हणाला. त्यात थट्टा नव्हती, त्यामुळे बालारबे घाबरला.

संध्याकाळी तालातू चुलीपाशी भेंडीचं कालवण ढवळत होती. कोनाड्यातला रेडिओ बोलू लागला. आधी बराच वेळ श्वासाचा आवाज. मग नवऱ्याचा: "झुबैरू. मी बोलतोय. काही कमावलं नसशील तरी चालेल. घरी ये." तालातूनं ओढणी तोंडावर घेतली आणि चूल तशीच सोडून आत गेली. कालवण करपलं. घरात त्या रात्री सगळ्यांनी ते तसंच खाल्लं.

सात दिवस तो आवाज रोज लागला. घरी मात्र बालारबे पुन्हा पहिल्यासारखाच. रेडिओत घेतलेलं नाव रेडिओत राहिलं. तालातू विचारायची, "काही कळलं का त्याचं?" आणि तो म्हणायचा, "त्याचं काही नाही." एवढ्यावर दोघं दिवस काढायची. गिऱ्हाइकांना चालायला लावणं त्यानं सोडलं होतं. पट्टे हवे तसे कापायचा, आणि लोक ते घेऊनही जायचे.

दीड महिन्यानं एक वाळलेला तरुण दुकानाशी आला. ओठांवर फाटून भरल्याचे जुने व्रण. त्यानं रेडिओ अगादेझमध्ये ऐकला होता. बालारबेनं त्याला बसवलं, फुरा दिला. तानिमू पायरीवर होता.

"आम्ही सव्वीस जण एका ट्रकात होतो," तरुण म्हणाला. "ट्रक बंद पडला. ड्रायव्हर पाणी आणतो म्हणून गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं चालत निघालो. झुबैरूला म्हटलं, चल. त्याचा पाय सुजला होता. म्हणाला, ड्रायव्हर येईल."

"आला?" बालारबेनं विचारलं.

"सैनिकांची गाडी आली, बाबा. नवव्या दिवशी. आम्ही दोघं उरलो होतो वाटेवर, आम्हाला उचललं. मग ट्रकाकडे गेलो. त्यांनी तिथंच पुरलं सगळ्यांना. मी त्याला बघितला."

बालारबेनं आणखी फुरा वाढला. तरुणानं तोही प्याला, कारण त्याला भूक होती. मग तो गेला.

अशा वेळीसुद्धा आतेभावानं थट्टा करायची असते. मयताच्या दारात उभं राहून, माझा गुलाम मला न विचारता कुठं चालला, म्हणून भांडायचं असतं. तानिमूनं दोनदा तोंड उघडलं. मग उठून त्यानं रस्त्याकडे पाठ केली आणि भिंतीला कपाळ टेकलं.

बालारबे घरात गेला. तालातू शेंगा निवडत होती.

"कोण आलं होतं?" तिनं मान न उचलता विचारलं.

"झुबैरूबरोबर होता एक जण," बालारबे म्हणाला.

तालातूचे हात थांबले. नवऱ्यानं या घरात, तिच्या तोंडावर, ते नाव घेतलं होतं. पुढचं विचारायची तिला गरज उरली नाही.