एका ‘नाइस’चा अर्थ लावताना

मी नागपुरात इंग्रजीचा मास्तर आहे आणि माझ्या बहिणीच्या लग्नातलं सर्वांत मोठं विघ्न तेच होतं.

उमरेडच्या पाहुण्यांनी रविवारी पल्लवीला पाहिलं, पोहे खाल्ले, ‘कळवतो’ म्हणाले आणि गप्प बसले. पल्लवीला मुलगा मनापासून आवडला होता. तिचं जेवणात लक्ष लागेना. मुलीकडच्यांनी निकाल विचारायचा नसतो, म्हणून आईनं गुरुवारी मुलाच्या वडिलांना नुसता तिचा साडीतला फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘नाइस’. एवढंच!

“हे हो हाय का नाही?” बाबांनी विचारलं. “तू इंग्रजीचा मास्तर हायेस ना गा?”

‘छान’ म्हणून मी मोकळा होऊ शकलो असतो. पण मी जाडा शब्दकोश काढला! (एरवी तो लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून असतो.)

“मूळ शब्द लॅटिन. अर्थ, अडाणी. पुढे इंग्रजीत मूर्ख, मग लाजरा, मग चोखंदळ. छान हा अर्थ फार उशिरा आला.”

“माह्या पोरीले अडाणी म्हनते?” आई कडाडली. “एमकॉम हाय ते!”

“तसं नाही वं आई...”

“मंग कसं?”

मी शब्दकोशाचं पान उलटलं. हिंगण्याच्या कारखान्यात असलेल्या काकानं भर घातली, “आमचा साहेब नाइस म्हनते अन् माल वापस पाठवते!” पल्लवी उठून आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

मला फार वाईट वाटलं. म्हणून मी त्या वडिलांना लांबलचक मेसेज लिहिला. लॅटिनपासून आजवरचे पाच अर्थ, आणि खाली, ‘यांपैकी कोणता अभिप्रेत आहे? कृपया क्रमांक कळवावा.’

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ते घामाघूम होऊन दारात हजर!

“मास्तर, काही चुकलं का जी आमचं?”

“नाही, म्हणजे... पल्लवी...” बाबा अडखळले.

“पोरगी तं रविवारीच पसंत केली जी! पन अमावस्या सरेपर्यंत शुभ बोलत नाही आमच्यात, ते काल रातीच सरली. नाइस त्या साडीच्या काठाले म्हटलं. आम्ही विनकर मानसं, आमाले आधी काठच दिसते!”

पल्लवी दाराआडून हसली आणि रडलीही.

“एक अट हाय पन,” ते माझ्याकडे पाहत म्हणाले. “लग्न लागेपर्यंत या मास्तरले मेसेज लिहू देऊ नका!”

आईनं तिथल्या तिथं माझा मोबाइल काढून घेतला. सख्ख्या बहिणीच्या लग्नाची तारीख मला शेजाऱ्यांकडून कळली!