पलीकडच्या टेबलावरची आई

वडील गेल्यावर आई लासलगावहून आमच्याकडे नाशिकला राहायला आली. त्याच सुमारास माझ्या मुलीला कोरियन खाण्याचं वेड लागलं. ती दहावीत. रविवारी दुपारी बाहेर जेवायचं ठरलं की गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलातच जायचं, हा तिचा हट्ट. पाटीवर नुसतं ‘एशियन’ असं लिहिलेलं. आत चायनीज, थाई, कोरियन असं सगळंच मिळायचं.

आई या सगळ्याला शेवयाच म्हणायची. रस्सा असला तर पातळ शेवया, नसला तर कोरड्या. पण नाक मुरडायची नाही. आवडीनं खायची, आणि सूप आलं की वाटी दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावायची.

त्या रविवारी ऑर्डर देऊन झाली आणि आई हात धुवायला उठली. मुलगी म्हणाली, “आजी, मी येऊ?” आई म्हणाली, “बस गं. बेसिन काय पळून जातंय का?” मग बायको, मुलगी आणि मी आपापले मोबाइल बघत बसलो.

जेवण आलं तरी आईचा पत्ता नव्हता. मी उठणार तेवढ्यात मुलीनं माझा हात धरला. “पप्पा, ती बघा आजी.”

खिडकीपाशी दोन टेबलं जोडून बरीच माणसं बसली होती, आणि टोकाच्या खुर्चीवर आई. समोर सूपची वाटी. ती काहीतरी सांगत होती आणि सगळे माना डोलावत ऐकत होते.

मला आधी वाटलं, गावाकडचं कोणीतरी भेटलं असेल. पण त्यातला एकही चेहरा ओळखीचा निघेना. बायकोनं नीट पाहिलं आणि म्हणाली, “अहो, हा बघण्याचा कार्यक्रम आहे.” ते खरंच होतं. एका बाजूला मुलीकडची माणसं, समोर मुलाकडची. मुलगी चिकू रंगाच्या ड्रेसमध्ये, मान खाली. मुलाच्या शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं.

मी उठून तिकडे गेलो, पण मधे कसं बोलावं ते कळेना. वेटरसारखा आईच्या खुर्चीमागे उभा राहिलो. त्यांच्या बोलण्यावरून उलगडा झाला. मुलाकडच्यांना आई मुलीची आजी वाटत होती आणि मुलीकडच्यांना मुलाची आत्या. विचारायचं तरी कसं, म्हणून दोन्हीकडचे तिला मान देत होते.

आई मुलाला विचारत होती, “भाजी-भाकर येते का करायला?”

मुलाची आई हसून म्हणाली, “त्याला कशाला लागतंय ते?”

“त्याला विचारलं मी,” आई शांतपणे म्हणाली. मुलगा प्लेटकडे बघत राहिला. मग आई मुलीकडे वळली. “आणि तुझं काय गं बाई? तुला काय पाहिजे?”

मुलीनं पहिल्यांदा मान वर केली. “मला अंबडच्या कंपनीतली नोकरी सोडायची नाहीये.”

आता गप्प राहणं बरं नव्हे, म्हणून मी म्हणालो, “आई, आपलं टेबल तिकडे आहे.”

सगळे आधी माझ्याकडे बघायला लागले, मग एकमेकांकडे. ती मुलगी फिसकन हसली आणि तिनं तोंडावर ओढणी धरली. तिचे वडील मात्र हसले नाहीत. मी सगळ्यांची माफी मागितली. आई जराही गडबडली नाही. “ठाऊक हाय मला,” म्हणाली. “एवढं सूप संपवते न् येते.” आणि खरोखर सूप संपवूनच उठली.

गाडीत मी विचारलं, “आई, चुकून बसलीस का तिथं?”

“चुकूनच बसले.”

“मग ठाऊक आहे म्हणालीस ते?”

“ते बी खरं. तिथं सगळे बोलत होते. बरं वाटलं.”

मला काहीच कळेना. पुण्याच्या बहिणीला फोन केला. ती घाबरली. “उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे ने. हे विसरण्याचं लक्षण आहे.” मी नेलं. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, वजाबाक्या घातल्या. आईनं सगळं पटापट सांगितलं, वर त्यांचं गाव विचारून घेतलं. डॉक्टर म्हणाले, या वयात थोडंफार होतं, लक्ष ठेवा. बाहेर आल्यावर आई लिफ्ट सोडून भलत्याच दाराकडे निघाली. पण त्या इमारतीत आत येताना माझाही गोंधळ उडालाच होता.

काही दिवसांनी आम्ही पुन्हा त्या हॉटेलात गेलो. ऑर्डर द्यायच्या आतच त्या दिवशीची ती मुलगी टेबलापाशी आली. मैत्रिणींबरोबर आली होती. खाली वाकून आईच्या पाया पडली आणि म्हणाली, “आजी, मी नकार कळवला त्यांना. तुम्ही त्याला विचारलंत आणि उत्तर त्याच्या आईनं दिलं ना, तेव्हाच ठरवलं. पप्पा रागावलेत अजून. पण होतील शांत.”

आईनं तिचा हात हातात घेतला, तोंडावरून हात फिरवला. “बरं केलंस पोरी. नोकरी करतीस ना?”

“करते.”

“मग झालं तर.”

ती डोळे पुसत मैत्रिणींकडे गेली. माझ्या मनावरचं ओझं उतरलं. बहिणीला फोन करून सांगायचं, की आईला सगळं नीट आठवतंय, अगदी नोकरीसुद्धा, असं मी मनाशी ठरवलं.

तेवढ्यात आई माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, “लय गुणाची पोरगी. कोणाची रे?”

ती थट्टा करतेय की खरंच विचारतेय? बायकोच्या मते आईला तो सगळा प्रसंग आठवतो, पण त्यावरून पुन्हा दवाखाना नको म्हणून ती असं बोलते. माझ्या मुलीला वाटतं, आजी आम्हाला मुद्दाम बनवते. बहीण दर आठवड्याला फोनवर विचारते, “आईचं कसं काय?” आणि मी दर वेळी “ठीक आहे” एवढंच सांगतो.

त्या दिवशी मी आईला म्हणालो, “माहीत नाही कोणाची ते.” ते खरंच होतं, त्या मुलीचं नावसुद्धा आम्ही विचारलं नव्हतं.

आई म्हणाली, “विचारायचं तरी.” आणि खुर्ची मागे सारून, ती मुलगी गेली होती त्या बाजूला, हात धुवायला म्हणून निघाली. या वेळी मी तिच्या मागोमाग उठलो.