एकेचाळीस डोकी

बाणूबाईला वीसच्या पुढे मोजता येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. उगाच तिला देवी करायची नाही.

बिदरजवळच्या भालकीत आमच्या मुलींच्या शाळेत ती आया होती. सकाळी घरोघरी जाऊन मुली गोळा करायच्या, शाळेत पोचवायच्या आणि संध्याकाळी पुन्हा दारात आणून सोडायच्या, हे तिचं काम. १९७० च्या आसपास आया आल्याशिवाय आमच्याकडे कोणी मुलीला उंबऱ्याबाहेर पाठवत नसे. बाणूबाई मूळची खटकचिंचोळीची, धनगराची लेक. लग्नापर्यंत बापाची मेंढरं राखली. नवरा लवकर गेला तेव्हा शाळेत लागली. तिनं गल्लीच्या टोकाला "वृंदाऽऽ" अशी हाक मारली की स्वयंपाकघरात माझ्या हातातली पळी निसटायची.

वृंदा माझी मुलगी. मी बी.ए. झालेली, पण पोरीच्या बाबतीत भित्री. रस्त्यात बैल उधळेल, विहिरीत वाकेल, कोणी पळवून नेईल, दिवसभर माझ्या डोक्यात हेच. त्यामुळे शाळेनं निलम्मा नावाची सातवी पास आया आणली तेव्हा सगळ्यांत जास्त हायसं मला वाटलं. तिच्याजवळ वही असायची. कोण आलं, कोण राहिलं, सगळं लिहिलेलं. येत्या दिवाळीपासून दोघींतली एकच ठेवायची असं संस्थेनं ठरवलं, आणि निलम्माला ठेवा, असा अर्ज पालकांच्या वतीनं मीच लिहिला.

बाणूबाईला ते कळलं. दुसऱ्या दिवशी वृंदाचं दप्तर घेताना म्हणाली, "अर्ज लई झ्याक लिवलाव म्हणं, अक्का. अक्षर मोत्यावानी हाय म्हणायलेत समदे."

मला तिच्याकडे बघवेना.

नळावरच्या बायका तिला टोचायच्या. "बाणू, तू बी शीक की दोन अक्षरं निलम्मावानी. न्हाईतर बसशील घरी."

"कामून? निलम्मावानी निलम्मा हायच की. देवानं तिला एक दिलंय, मला एक."

"तुला काय दिलंय ग बाई?"

"तोंड वळखायचं."

सगळ्या खो खो हसल्या. ती घागर उचलून चालू लागली.

दसऱ्याच्या आधी शाळेची सहल बिदरच्या किल्ल्यावर गेली. एकेचाळीस मुली, मुख्याध्यापिका सरस्वतीबाई, दोघी आया, आणि राहवलं नाही म्हणून मी. किल्ल्यात औरादकडच्या एका शाळेच्याही मुली आल्या होत्या. त्यांचाही आमच्यासारखाच निळा परकर आणि पांढरं पोलकं. दिवसभर सगळ्या एकमेकींत मिसळून हुंदडल्या. दिवस कलायला लागला तशी त्यांची गाडी गेली. राखणदार दरवाजा लावण्याची घाई करू लागला. नावं वाचत बसायला वेळ नव्हता, म्हणून मुली बसमध्ये बसवून निलम्मानं डोकी मोजली. एकेचाळीस. सरस्वतीबाईंनी मोजली. एकेचाळीस. माझा कोणावर विश्वास नसतो, म्हणून मीही मोजली. एकेचाळीसच.

बाणूबाई मधल्या वाटेनं एकदा मागे गेली, पुढे आली आणि खाली उतरून बससमोर उभी राहिली.

"आपली एक पोरगी कमी हाय."

"तिघींनी मोजल्यात, बाणूबाई," सरस्वतीबाई खिडकीतून म्हणाल्या. "बरोबर आहेत. चढा."

"मोजल्या असतील. हावगेप्पाची महानंदा न्हाई."

"तुम्हाला मोजता तरी येतं का?"

"न्हाई येत. म्हणून तर तोंडं बघितली." ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. ती जागची हलली नाही. "घाल की अंगावर! मी न्हाई हलत."

"नोकरीचा प्रश्न आहे तुमच्या, माहीत आहे ना?"

"नोकरी घाला चुलीत! ह्यात एक पोरगी परकी हाय. शेवटच्या बाकावर निजलीय, बघा जाऊन."

मी मागे गेले. खिडकीला टेकून एक मुलगी गाढ झोपली होती. हनुवटी धरून तोंड वर केलं. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. औरादकडच्या शाळेची, आमच्या मुलींशी खेळता खेळता चुकीच्या गाडीत चढलेली. महानंदा ही गप्प, मागच्या बाकावरची मुलगी. असली तरी कोणाच्या लक्षात येत नसे, नसली तरी नाही. माझ्याही आलं नव्हतं.

राखणदाराला थांबवून बाणूबाई आत शिरली आणि मेंढरांना घालतात तशी लांब साद घातली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पडक्या भिंतीआडून बारीक रडणं ऐकू आलं. महानंदाचा पाय मुरगळून सुजला होता. लाजेनं तिनं कोणाला हाकही मारली नव्हती. बाणूबाईनं तिला पाठुंगळी घेऊन बसमध्ये आणलं. परक्या मुलीला आम्ही त्याच रात्री तिच्या गुरुजींच्या ताब्यात दिलं. ते बिचारे अर्ध्या वाटेतून परत आले होते.

आठवड्यानं सरस्वतीबाईंनी बाणूबाईला बोलावलं. मीही होते, माझा अर्ज परत मागायला गेले होते.

"बाणूबाई, तुम्हीच राहा. निलम्माला आम्ही कमी करतोय."

"कामून?"

"तुम्ही तिच्यापेक्षा सरस ठरलात."

मला वाटलं, ती हात जोडेल. तिचा चेहराच उतरला. मग आवाज चढला.

"गेल्या म्हयन्यात ती माझ्याहून बेस व्हती, ह्या म्हयन्यात मी तिच्याहून बेस? उंद्या तिसरी येईल, मंग मला काढताव? पोरीला ताप आला तर डाक्टरची चिठ्ठी कोण वाचतंय, मी? मला तिच्यासंगं तोलू नका. तिला काढलाव तर मी बी येत न्हाई."

"हे धमकावणं झालं."

"व्हय. झालं."

आणि खरंच आली नाही. निलम्माही आली नाही. पहिल्या दिवशी शाळेत निम्म्या मुली, दुसऱ्या दिवशी तेरा. वृंदाला मीही पाठवलं नाही. तिसऱ्या दिवशी संस्थेच्या लोकांनी दोघींनाही निरोप धाडले.

चौथ्या सकाळी दोघी दारात उभ्या. निलम्मा वही उघडत होती, बाणूबाई आत डोकावत होती.

"जिंकलात बाणूबाई," मी म्हटलं.

"शर्यत कुठं व्हती, अक्का? पोरीला चपला घाला. उशीर व्हायलाय."