दोन संघांचा पाहुणा

एकाच स्पर्धेसाठी मी दोन संघांना हो म्हणालो.

दोन्ही हो एकाच दिवशी गेले. पहिला सकाळी फोनवर, दुसरा दुपारी पुतणीच्या हळदीत, स्टुलावर उभा राहून मांडवाला आंब्याचे डहाळे बांधताना. आमच्या घराण्यात माझ्या उंचीचा एवढाच उपयोग मान्य आहे. डहाळे बांधणे, ट्यूब बदलणे आणि लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेत उभं राहून सगळा समतोल बिघडवणे. मी बास्केटबॉल खेळून पोट भरतो हे गावातल्या थोरांना अजून पटलेलं नाही. ते मला भेटले की विचारतात, "मग काम काय करतोस?"

काम काय करतो ते सांगतो. मी पाहुणा खेळाडू आहे. एखाद्या कंपनीच्या किंवा खात्याच्या संघात माणूस कमी पडला, कुणाचा पाय मुरगळला, कुणाचं लग्न निघालं, की संघाचा मॅनेजर माझ्यासारख्याला फोन करतो. कागद नसतो, सही नसते. फोनवर हो म्हटलं की ते हो म्हणजेच करार. आपण आपले बूट आणि गुडघ्याचे पट्टे घेऊन जायचं. जर्सी तिथे मिळते, आणि ती नेहमी उरलेली असते. पाहुण्याला निवड नसते. गेल्या कित्येक वर्षांत माझ्या अंगाला नीट बसलेली जर्सी मला आठवत नाही. हॉलमधली खाट संडासाजवळची, बसमधली सीट चाकावरची, आणि सामना हरला तर चूक पाहुण्याची. इंदूर, कोल्हापूर, लुधियाना, भिलाई, सगळीकडची संडासाजवळची खाट मला पाठ आहे.

हे नशीब वगैरे काही नाही, मी हे स्वतः कमावलंय. खेळाच्या कोट्यातून मला एकदा कायमची सरकारी नोकरी लागली होती. सकाळी सराव, दुपारी टेबलावर डुलकी. मग देशात एक मोठी व्यावसायिक लीग निघाली. फरशांच्या एका व्यापाऱ्याने संघ विकत घेतला आणि बसवर माझं चित्र रंगवलं. चित्र बघून मी राजीनामा दिला. आमचे हेडक्लार्क चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "घरी जाऊन झोप काढ आणि उद्या ये." मी थांबलो नाही. लीग एक हंगाम चालली. पुढच्या वर्षी ती बस मला कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलजवळ दिसली. तिच्यातून कारखान्याचे कामगार उतरत होते आणि माझ्या चित्राच्या चेहऱ्यावर कुणीतरी पान थुंकलं होतं. तेव्हापासून मी पाहुणा. नोकरी परत मिळत नाही, दुसरं काही येत नाही, आणि खेळणं थांबवलं तर फोन थांबतात. म्हणून खेळायचं. गुडघे बोलायला लागले तरी.

अशा स्थितीत त्या सकाळी फोन आला. दूरच्या एका मोठ्या कारखान्याच्या संघाचे मॅनेजर होते. पूर्वी त्यांच्याकडून खेळलो होतो.

"पनवेलच्या स्पर्धेला येतोय आम्ही," ते म्हणाले. "तुम्ही खेळा आमच्याकडून. आणि एक आहे. आमचा कोच निवृत्त होतोय. मला असा माणूस हवाय जो पोरांबरोबर खेळेलही आणि शिकवेलही. दोन वर्षांचा करार, राहायला क्वार्टर. या स्पर्धेत मला तुम्हाला बघू द्या, मग सही करू."

मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर बायकोला सांगितलं. ती नवीन पनवेलच्या एका शाळेत शिकवते, माहेर पुण्याचं. तिने क्वार्टर हा शब्द दोनदा म्हणून बघितला. मग दारामागच्या माझ्या बॅगेकडे बघून म्हणाली, "म्हणजे ही माळ्यावर जाईल?"

"जाईल."

"नीट कर हां या वेळी."

आणि दुपारी मी स्टुलावर उभा होतो. खाली चुलतभाऊ आला. त्याला सगळं गाव दादा म्हणतं. सुकापूरच्या पलीकडे आमचं गाव. आमच्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या तेव्हा दादा त्याच इमारतींना रेती-खडी पुरवायला लागला आणि आता स्वतःच इमारती बांधतो. बेंजोचा आवाज एवढा होता की तो ओरडून बोलत होता.

"बास्केटबॉलची स्पर्धा घेतोय मी! मोठी! आपल्या गावाची टीम उतरवतोय. तू हायेस ना?"

आमच्याकडे मांडवात कुणाला नाही म्हणत नाहीत. एकदा म्हटलेलं 'नाही' पोरांच्या पोरांच्या लग्नापर्यंत पुरतं. शिवाय मला दादाच्या घोषणा माहीत होत्या. याआधी त्याने व्यायामशाळा काढली होती, होड्यांची शर्यत काढली होती, वाचनालय काढलं होतं. ती सगळी फ्लेक्सवर जन्मली आणि पावसात फ्लेक्सबरोबर फाटली. गावात कबड्डी आणि क्रिकेट सोडून कुणी काही खेळत नाही. टीम कुठून आणणार? मी वरून म्हणालो, "हो दादा. आहे ना."

आपण फार हुशार आहोत असं मला त्या वेळी वाटलं होतं, हेही नोंदवून ठेवतो. आणि हीच ती पनवेलची स्पर्धा, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. नंतर आलं, तेव्हा मी तो विचार माळ्यावर टाकला. बॅगेच्या आधी तोच गेला.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी मॅनेजरांचा फोन आला. त्यांची बस एक्स्प्रेसवेवरून उतरून कळंबोलीच्या चौकात सिग्नलला उभी होती.

"तुमचा फोटो बघतोय मी," ते शांतपणे म्हणाले. "फार मोठा आहे."

मी स्कूटर काढून कळंबोलीला गेलो. फोटो खरंच मोठा होता. दादाकडे माझा खेळतानाचा फोटो नव्हता, म्हणून त्याने हळदीतला वापरला होता. गॉगल, कपाळाला हळद, आणि हातातली मटणाची ताटली काढून तिथे बॉल चिकटवलेला. रस्सा मात्र बोटांवर तसाच. खाली अक्षरं, 'गावचा वाघ, राष्ट्रीय खेळाडू, आपल्या मातीतून आपल्या संघात'. त्याखाली शुभेच्छुकांचे चेहरे, त्यातले बरेच मला ओळखत नसावेत.

मॅनेजरांना परत फोन लावला. म्हणालो, "साहेब, भावाचं प्रेम आहे. त्यांच्याकडून मी खेळत नाहीये."

"नक्की? संध्याकाळी पाचला आमचा सामना आहे. चारला ओळखपत्र घेऊन या."

"नक्की."

आता दादाला कटवायचं राहिलं. त्याच्याच स्पर्धेत परक्या जर्सीत दिसलो की काय सांगायचं, तो विचारही माळ्यावरच होता. मी गुडघ्याला पट्टा बांधला, चेहरा पाडला आणि त्याच्या ऑफिसात लंगडत गेलो. दादा खरंच हळहळला. त्याने लगेच बर्फ मागवला, माणूस पाठवून तेल मागवलं, स्वतः खाली बसून माझा पाय स्टुलावर ठेवला. मला थोडी लाज वाटली, पण सुटल्याचा आनंद जास्त होता.

"खेळू नको," तो म्हणाला. "तब्येत पयली. आमी काय परके हाय? तू फक्त ये."

"कुठे?"

"स्टेजवर. प्रमुख पाहुणा. एवढा फ्लेक्स लावलाय, लोकांना माणूस दिसायला नको?"

"दादा, मला आराम..."

"सोफ्यावर आरामच हाय. चारला गाडी पाठवतो. चालू नको तू."

गाडी साडेतीनलाच आली. दोघे जण वर आले आणि मला दोन्ही बाजूंनी धरून जिना उतरवला. मी म्हणत होतो मला येतं चालता. ते म्हणत होते, दादांनी सांगितलंय.

देवळामागच्या मैदानात दादाने सिमेंटचं पक्कं कोर्ट बांधलं होतं. रिंग, बोर्ड, दिवे, गॅलरी. मी देशभर खेळलोय; याहून वाईट कोर्टांवर राष्ट्रीय स्पर्धा बघितल्यात. आणि टीमही होती. क्रिकेटवाले पाच आणि कबड्डीवाले पाच, सगळे नव्या जर्सीत. एक जर्सी खुर्चीच्या पाठीला टांगलेली होती. तिच्यावर माझं आडनाव होतं आणि ती माझ्या मापाची होती.

मला स्टेजवर लाल सोफ्यावर बसवलं. एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला एक पुढारी. पाय प्लास्टिकच्या स्टुलावर, गुडघ्यावर बर्फाची पिशवी, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. उठायची सोय नव्हती. उठलो असतो तर शाल, नारळ आणि बर्फ एकदम पुढाऱ्यांच्या पायावर पडले असते.

चार वाजले. खिशात फोन थरथरायला लागला. पुढारी भाषण करत होते आणि भाषण माझ्याबद्दल होतं. फोन थांबला, परत सुरू झाला. मैदानाच्या पलीकडे मॅनेजर कानाला फोन लावून उभे होते आणि थेट माझ्याकडे बघत होते. मी गुडघ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी फोन खिशात टाकला.

पाचचा सामना, म्हणजे उद्घाटनाचा, गावाचा संघ विरुद्ध कारखान्याचा संघ असा होता. दादाने मुद्दाम लावला होता. "हरलो तर मोठ्यांशी हरलो असं होईल," तो मला हळूच म्हणाला.

आमची पोरं जिद्दीने हरत होती. कबड्डीवाले समोरच्याला कवेत धरायचे आणि पंच शिट्टी मारून दमला. मी सोफ्यावर बसून मनातल्या मनात दोन्ही संघांना शिकवत होतो. कारखान्याची पोरं चांगली होती, फक्त डावीकडून जायला घाबरत होती. त्यांना महिनाभरात घडवता आलं असतं. मी क्वार्टरच्या खिडकीतून दिसणारं कोर्टसुद्धा बघून टाकलं.

तेवढ्यात आमच्या एका क्रिकेटवाल्याने सीमारेषेवरून फेकावा तसा पास फेकला. तो कुणाच्याच हाती न लागता सरळ स्टेजवर आला, पुढाऱ्यांच्या डोक्याच्या दिशेने. मी काही ठरवलं नाही. मी हवेत होतो आणि बॉल माझ्या एका हातात होता. खाली आलो तो दोन्ही पायांवर, ठणठणीत. नारळ गडगडत गेला. बर्फ फुटला.

समालोचकाला तर कधी एकदा बोलतो असं झालं होतं. "आणि काय घेतलाय प्रमुख पाहुण्यांनी! गुडघा बरा झाला, मंडळी! देवीची कृपा!"

मैदान शिट्ट्यांनी भरून गेलं. मी बॉल धरून उभा. लंगडायचं आठवलं तेव्हा फार उशीर झाला होता.

मध्यंतरात मॅनेजर स्टेजखाली आले. आवाज चढवला नाही. मला वाटतं चढवला असता तर बरं झालं असतं.

"भावाला नाही म्हणता आलं नाही?"

"मांडवात होतो, साहेब."

"मग मला तरी म्हणायचं. दोन वर्षं बारा पोरं तुमच्या ताब्यात देणार होतो. रोज कुणालातरी नाही म्हणायचं, एवढंच कोचचं काम असतं. येईल तुम्हाला?"

मी जरा विचार केला. "नाही."

"हे आधी बोलायचं," असं म्हणून ते आपल्या पोरांकडे गेले. करार तिथेच संपला. सुरूच झाला नव्हता, त्यामुळे संपायला वेळ लागला नाही.

दादा शेजारी येऊन उभा राहिला होता. त्याने सगळं ऐकलं असणार. मला वाटलं आता हा मला मांडवाच्या खांबाला बांधेल. त्याने खुर्चीवरची जर्सी आणून माझ्या हातात दिली. "यादीत तुझं नाव हाये. घाल. लोक बघतायत."

मी घातली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा जर्सी अंगाला बसली आणि ती नको होती. सामन्याच्या शेवटच्या पाव भागात उतरलो तेव्हा खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत गल्लीतल्या बायकांबरोबर माझी आई दिसली. मी एवढी वर्षं खेळलो ते परगावी, तिने मला खेळताना कधी पाहिलं नव्हतं. फ्लेक्स बघून आली होती.

मी पहिला बॉल टाकला, तो रिंगला लागून परत आला. दुसरा रिंगला लागलाच नाही. तिसरा बोर्डाच्या वरून देवळाच्या भिंतीला गेला. कारखान्याची पोरं माझ्या डावीकडून जायला लागली, जरासुद्धा न घाबरता. एकदा मी अडवायला गेलो आणि गुडघा खरंच कचकला, पण आता ते कुणाला सांगणार? शेवटची शिट्टी झाली तेव्हा दोन्ही आकड्यांमध्ये एवढं अंतर होतं की समालोचक सामन्याऐवजी प्रायोजकांची नावं वाचत होता.

कारखान्याची पोरं बॅगा उचलून बसकडे निघाली. मॅनेजरांनी मागे बघितलं नाही. दादा फोटोग्राफरला बोलवत होता. मी घाम पुसत आईजवळ गेलो. ती पिशवी मांडीवर घेऊन तशीच बसली होती. तिने मला बुटांपासून डोक्यापर्यंत बघितलं. तेवढ्याला तिला वेळ लागतो.

"झाला?" तिने विचारलं.

"झाला."

"येवढी वर्सं तू घराबायेर रायलास, ते याच्यासाठी?"