काजळीचे कोट आणि धुण्याची खोली

सरकारी आर्किटेक्ट म्हणून बदलीवर चंदीगडला आलो आणि पहिलंच काम गळ्यात पडलं ते एका जुन्या अग्निशमन केंद्राच्या नूतनीकरणाचं. पाहणीला गेलो तेव्हा जवान जेवत होते. त्यांच्या पाठीमागच्या खुंट्यांवर आगीतून आलेले कोट लटकत होते, काजळीने माखलेले, जळक्या प्लास्टिकच्या वासाचे. एकाने कोट बाजूला सारून मला खुर्ची दिली आणि त्याच हाताने रोटी वाढली. शेजारी बंब चालू करून पाहत होते. डिझेलचा धूर उघड्या दारातून थेट झोपायच्या खाटांवर. मला ओकारी आली. नुसतं म्हणायला नव्हे, खरोखर बाहेर पळावं लागलं.

कोट धूत का नाही, असं विचारलं तर सगळे हसले. ज्याचा कोट सर्वांत काळा, तो सर्वांत मोठा बहाद्दर. धुतलेल्या कोटवाल्याला नवी नवरी म्हणून चिडवतात. हसला नाही तो एकच, चाळिशीतला, सारखा खोकणारा. मला फाटकापर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, "साहब जी, मेरी बेटी गोद में नहीं आती। कहती है, पापा से जलने की बू आती है। कुछ हो सके तो कर दो।"

मी नकाशाच बदलला. बंबांची बाजू मळकी, झोपण्या-जेवण्याची बाजू स्वच्छ आणि मधून जायची वाट एकच, धुण्याची खोली. तिथे कोट यंत्रात टाकायचा, अंघोळ करायची, धुतलेले कपडे घालायचे आणि मगच आत.

सेक्टर सतरातल्या मुख्य कार्यालयातल्या बैठकीत आमचे मोठे साहेब जांभया देत होते. काजळीने कोण मेलंय आजवर, म्हणे! माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "स्मशानातून आलेला माणूस अंघोळ केल्याशिवाय घरात येतो का? हे तसंच आहे." हे अर्थात हिंदीत. साहेब ताठ बसले. "वाह जी वाह! पहले क्यों नहीं बताया?" मंजुरी जागच्या जागी. घरी येऊन बायकोपुढे फुशारकी मारली, तर ती म्हणाली, "अहो, जपून. त्यांनी तेवढं सोवळंच ऐकलं असेल."

मग मला मोहालीच्या दुसऱ्या कामावर धाडलं. परत बोलावलं ते काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करायला.

धुण्याच्या खोलीत पांढरा संगमरवर, मूर्ती, पितळी घंटा. शॉवरचे पाइप बूच मारून बंद. यंत्राच्या जागी गंगाजलाचा तांब्या. माझ्यादेखत दोघे आगीवरून आले, काळ्याकुट्ट कोटांवर चार थेंब शिंपडले, हात जोडले आणि तसेच जेवायला गेले. "आपका ही आइडिया था जी," साहेब खुशीत म्हणाले. यंत्राचं विचारलं तर, "मंदिर में मशीन अच्छी लगती है क्या?"

मी देवभोळा आहे, घरी रोज दिवा लावतो. पण त्या संगमरवराकडे बघून मला पुन्हा मळमळलं. कागदावर लिहिलं होतं, धुण्याची खोली, काम पूर्ण. फाडून तोंडावर फेकावा असं वाटलं. पण नागपूरच्या बदलीचा हुकूम आला होता आणि ही फाइल मिटल्याशिवाय मला सोडणार नव्हते. बायकोची बांधाबांधही झाली होती. मी सही केली. त्या साहेबाइतकीच मला माझी किळस आली.

बाहेर तो खोकणारा जवान प्रसाद घेऊन उभा होता. हलव्यावर त्याच्या बोटांचे काळे ठसे.

"बेटी को बता दिया, साहब हमारे लिए नहाने का कमरा बनवा रहे हैं। मशीन कब आ रही है जी?"

"जल्दी."

"पक्का?"

"पक्का," मी म्हणालो आणि हलवा तोंडात टाकला.