मेल्यानंतरच्या बदल्या

निवृत्त माणसाकडे औषधं साठतात. माझ्याकडे किस्सेही साठलेत, आणि तेही मेलेल्या जर्मनांचे. त्याला माझा इलाज नाही!

मुलाकडे जर्मनीत रेगेन्सबर्गला राहायला आलो आणि पुण्यात हौसेने शिकलेलं जर्मन खर्च करायला एक मंडळ सापडलं. इकडे कोणी वारलं की चर्चमध्ये छोटं कार्ड वाटतात. एका बाजूला देवाचं चित्र, दुसरीकडे गेलेल्याचा फोटो आणि प्रार्थना. महायुद्धात कैदेत वारलेल्या सैनिकांची अशी कार्डं जमवणारे पाच-सहा म्हातारे दर गुरुवारी एका गास्टहाउसमध्ये, म्हणजे इकडच्या खानावळीत, बिअर घेऊन बसतात.

*

पहिल्याच गुरुवारी आमचे म्होरके आलोइस समोरच्याला म्हणाले, "सायबेरियातले दोन घे, इजिप्तमधला एक दे."

सरकारी नोकरीत मी बदल्यांचे पुष्कळ सौदे पाहिले. पण मेल्यावर सायबेरियातून इजिप्तला बदली? तीही एका बिअरवर!

*

भेट मिळालेली कार्डं मी घरी देव्हाऱ्याशेजारी ठेवली. सूनबाई किंचाळलीच.

"अहो बाबा, पितर ठेवायचे तर आपले तरी ठेवा!"

"आपल्यांचे फोटो इतके चांगले कुठे आलेत?"

*

आलोइसचे काका रशियात कैदेत वारल्याची खबर आली. चर्चमध्ये प्रार्थना झाली, कार्डं वाटली. आणि एक दिवस काका दारात उभे!

आलोइसची आजी रडली, तिने जेवायला वाढलं, मग म्हणाली, "अरे, पण कार्डं कितीतरी उरलीत!"

काकांनी ती जन्मभर व्हिजिटिंग कार्ड म्हणून वाटली.

"मग खरोखर वारले, तेव्हा कामाला आली असतील," मी आलोइसना म्हणालो.

"छे! तेव्हा नेमकी संपली होती."

*

आमच्या मंडळातल्या रेझीबाई ऐंशीच्या. भर उन्हाळ्यातही लोकरी टोपी कानांवर घट्ट ओढलेली. त्या जन्मायच्या आधीच वडील फ्रान्समध्ये कैदेत वारले. पुढे घराला आग लागली, त्यात फोटो, कार्डं सगळं गेलं. बापाचा चेहरा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. आई सांगायची, "सिनेमातल्या हिरोसारखे दिसायचे!" मंडळात नवा गठ्ठा आला की आधी रेझीबाई चाळणार, हा अलिखित नियम.

गेल्या गुरुवारी आलोइसनी जुन्या बाजारात घेतलेलं प्रार्थनेचं पुस्तक झटकलं. त्यातून एक कार्ड पडलं. नाव वाचून त्यांनी ते हळूच रेझीबाईंपुढे सरकवलं.

फोटोत एक हसरा तरुण. आणि सुपासारखे दोन कान.

रेझीबाई बघत राहिल्या. आमची बिअर तशीच. मग त्या खो-खो हसत सुटल्या, डोळे पुसत म्हणाल्या, "आई धादांत खोटं बोलायची!"

आणि त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.